मशीद म्हणायचं की कॅथेड्रल? कॉर्डोबाच्या बाराशे वर्षं जुन्या वास्तूची गोष्ट

२००६ साली स्पेनच्या दक्षिणेकडच्या कॉर्डोबा शहरात एका इमारतीची मालमत्ता नोंदणी कार्यालयात नोंद झाली. त्यासाठी खर्च आला सुमारे ३० युरो. इमारत २३ हजार चौरस मीटरांहून मोठी, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतली, आणि नोंद करून घेणारं होतं तिथलं कॅथलिक चर्च. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव चढलं. पण गावाला त्याचा पत्ता लागायला काही वर्षं जावी लागली. कळलं तेव्हा जो गदारोळ सुरू झाला, तो अजून पुरता शमलेला नाही.

कारण ही इमारत साधी नाही. बाहेर एका मोठ्या फलकावर तिचं नाव लिहायचं झालं तरी भांडण होईल अशी तिची अवस्था आहे. जगभरातले पर्यटक तिला ‘मेझकिता’ म्हणतात. मेझकिता म्हणजे मशीद. पण तिथे आज नमाज होत नाही, रोज प्रार्थनेची मास होते. चर्चच्या लेखी ते कॅथेड्रल आहे. आणि आत गेलं तर दोन्ही खरं वाटतं, कारण लाल-पांढऱ्या कमानींचं जंगल संपता संपत नाही आणि त्या जंगलाच्या मधोमध एक अख्खं चर्च उभं आहे.

कॅथेड्रल म्हणजे नुसतं मोठं चर्च नव्हे. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. जुन्या गोव्यातल्या ‘से कॅथेड्रल’मधला ‘से’ हा पोर्तुगीज शब्दही आसन याच अर्थाचा आहे. कॉर्डोबाच्या बिशपचं आसन १२३६ पासून या मशिदीत आहे. म्हणजे मशीद म्हणून ही वास्तू सुमारे ४५० वर्षं वापरली गेली आणि कॅथेड्रल म्हणून जवळपास ७९० वर्षं.

दमास्कसहून पळालेला राजपुत्र

इ. स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम फौजांनी आजचा स्पेन आणि पोर्तुगाल जिंकायला सुरुवात केली. या प्रदेशाला अरबीत ‘अल-अंदलुस’ म्हणत. तेव्हा इस्लामी साम्राज्याची राजधानी होती दमास्कस आणि सत्ता होती उमय्यद घराण्याकडे. ७५० मध्ये अब्बासी घराण्याने उमय्यदांचा पाडाव केला आणि सापडेल त्या राजपुत्राला ठार केलं. त्यातून निसटलेल्या मोजक्या लोकांपैकी एक होता अब्दुर रहमान. तो उत्तर आफ्रिका ओलांडत ७५५ मध्ये स्पेनमध्ये पोहोचला, ७५६ मध्ये कॉर्डोबा ताब्यात घेतलं आणि तिथे स्वतःचं राज्य उभं केलं. त्याच्या घराण्याला दमास्कसमध्ये थारा उरला नव्हता, तेच घराणं युरोपच्या टोकाला पुढची पावणेतीनशे वर्षं टिकलं.

मशिदीचं काम त्याने ७८५ च्या सुमारास सुरू केलं. त्या जागी आधी काय होतं, यावर आजही वाद आहे. अरबी इतिहासकारांनी सांगितलेली गोष्ट अशी की तिथे सेंट व्हिन्सेंटचं चर्च होतं. सुरुवातीला ते मुसलमान आणि ख्रिश्चनांनी वाटून घेतलं, पुढे अब्दुर रहमानने ख्रिश्चनांना पैसे देऊन उरलेला भाग विकत घेतला. १९३० च्या दशकात इथे उत्खनन झालं, जुन्या इमारतींचे अवशेष आणि मोझेकची फरशी सापडली. ती आज जमिनीत बसवलेल्या काचेतून पाहता येते. मात्र ते अवशेष चर्चचेच आहेत का, यावर पुरातत्त्वज्ञांचं एकमत नाही. हा प्रश्न फक्त अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. ‘मूळची जागा आमचीच होती’ हे म्हणायला तो उपयोगी पडतो, त्यामुळे प्रत्येक नव्या खड्ड्याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष असतं.

खांब ठेंगणे, मग छत उंच कसं?

या वास्तूचं सगळ्यात प्रसिद्ध वैशिष्ट्य म्हणजे एकावर एक चढवलेल्या दुहेरी कमानी. फोटोत ती सजावट वाटते. प्रत्यक्षात तो एका अडचणीवरचा तोडगा आहे.

अब्दुर रहमानच्या गवंड्यांकडे खांब होते, पण ते नवे नव्हते. आसपासच्या रोमन आणि विसिगॉथ काळातल्या इमारतींमधून ते काढून आणलेले होते. (विसिगॉथ म्हणजे मुस्लिमांच्या आधी स्पेनवर राज्य करणारे ख्रिश्चन राजे.) कुणी ग्रॅनाइटचा, कुणी संगमरवराचा, कुणी गुळगुळीत, कुणी पीळ घातलेला. उंचीही एकसारखी नाही. कमी पडला तर खाली दगडाची बैठक, जास्त झाला तर थोडा जमिनीत. तरीही हे सगळे खांब एवढ्या प्रचंड सभागृहासाठी फार बुटके होते. छत त्यावर थेट टेकवलं असतं तर आत शेकडो माणसं उभी राहिल्यावर गुदमरल्यासारखं झालं असतं.

मग त्यांनी काय केलं? प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दगडाचा आणखी एक चौकोनी खांब उभा केला. ही उंच जोडणी डगमगू नये म्हणून खालच्या खांबांना घोड्याच्या नालेसारख्या कमानीने एकमेकांत बांधलं. ही खालची कमान छताचा भार घेत नाही, ती फक्त खांबांना एकमेकांपासून सरकू देत नाही. खालच्या कमानीच्या वर मोकळी जागा सोडली आणि मग वरची अर्धगोल कमान बांधली. छताचं वजन पेलते ती ही वरची. मधली जागा मोकळी असल्यामुळे नजर आरपार जाते आणि एवढा दगड असूनही सगळं हलकं वाटतं.

यात आणखी एक हुशारी आहे, जी खालून दिसत नाही. वरची कमान खालच्या कमानीपेक्षा जाड आहे. म्हणजे भिंत वर जाताना रुंद होत जाते, जे नेहमीच्या बांधकामाच्या बरोबर उलट आहे. कारण छत एकसंध नाही. प्रत्येक मार्गिकेवर स्वतंत्र उतरतं छप्पर आहे, आणि दोन छपरांच्या मधलं पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ याच भिंतीच्या माथ्यावरून जाते. पन्हळीला रुंदी हवी, म्हणून भिंत रुंद. शेजारशेजारची कौलारू छपरं आणि त्यांच्यामधली पन्हळ कोकणातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

लाल-पांढरे पट्टे म्हणजे रंग नव्हे. मूळ कमानीत एक पाचर विटांची आणि एक दगडाची, अशी आलटून-पालटून लावलेली आहे. ही कल्पना कुठून आली, याचं एक उत्तर कॉर्डोबापासून फार लांब नसलेल्या मेरिदा गावात मिळतं. तिथे रोमनांनी बांधलेला जलवाहिनीचा पूल आहे, त्यातही दगड आणि वीट यांचे थर आहेत आणि एकावर एक कमानी आहेत. रोमन पाणीपुरवठ्याचं तंत्र प्रार्थनागृहात आणलं गेलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

दिशा थोडी चुकली का?

मशिदीत नमाज मक्केकडे तोंड करून होते. त्या दिशेच्या भिंतीला किब्ला म्हणतात आणि त्या भिंतीतल्या कोनाड्याला मिहराब. कॉर्डोबाहून मक्का जवळजवळ पूर्वेला आहे. पण इथली किब्ला भिंत दक्षिणेकडे, थोडी आग्नेयेला झुकलेली आहे. याची कारणं वेगवेगळी सांगितली जातात. दमास्कसमधल्या मशिदीची किब्ला दक्षिणेला आहे, तेव्हा घराबाहेर काढलेल्या राजपुत्राने तीच ठेवली, हे त्यातलं सगळ्यात लोकप्रिय. रोमन काळातल्या रस्त्यांच्या आखणीला धरून इमारत बांधली गेली, हे त्यातलं सगळ्यात रूक्ष आणि बहुधा जास्त पटणारं. पुढच्या राजांनाही ही दिशा ठाऊक होती. दुरुस्त करायला संधी मिळूनही ती कुणी बदलली नाही.

अशा संधी तीनदा आल्या. कॉर्डोबा वाढत गेलं तशी मशीद वाढत गेली. पहिल्या सभागृहात ११ मार्गिका होत्या. नवव्या शतकात अब्दुर रहमान दुसरा याने त्या दक्षिणेकडे लांबवल्या. ९२९ मध्ये अब्दुर रहमान तिसरा याने स्वतःला खलिफा घोषित केलं, म्हणजे बगदादच्या अब्बासी खलिफाला थेट आव्हान दिलं, आणि ९५१-५२ मध्ये नवा मोठा मिनार उभारला.

पण वास्तुकलेच्या दृष्टीने कळस गाठला तो त्याचा मुलगा अल-हकम दुसरा याने. त्याने ९६२ च्या सुमारास किब्ला भिंत आणखी दक्षिणेला, ग्वादलकिवीर नदीच्या दिशेने सरकवली. त्याच्या काळात जुने खांब गोळा करायची गरज उरली नव्हती. नवे खांब घडवले गेले, दोन रंगांचे, आलटून-पालटून लावलेले. मिहराब तर नुसता कोनाडा नाहीच, ती अष्टकोनी छोटी खोली आहे आणि तिचं छत एकाच शिंपल्याच्या आकारात कोरलेलं आहे. तिच्या दारावरच्या कमानीत सोनेरी मोझेक आहे. काचेच्या बारीक तुकड्यांची ही कला कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिश्चन सम्राटाची खासियत होती. अरबी इतिहासकार सांगतात की अल-हकमने त्या सम्राटाकडे कारागीर मागितला. सम्राटाने माणूसही धाडला आणि काचेचे तुकडेही. म्हणजे मशिदीतल्या सर्वांत पवित्र जागेवरची सजावट ख्रिश्चन राजाच्या मदतीने झाली आहे. त्यात अचंबा वाटण्यासारखं त्या काळच्या लोकांना काही वाटलं नसावं. दोघांचाही शत्रू बगदादला होता.

मिहराबसमोरच्या घुमटांकडे मान वर करून पाहिलं तर दगडी पट्ट्या एकमेकींना छेदताना दिसतात, पण त्या मध्यभागी भेटत नाहीत. त्या एकमेकींना ओलांडून जातात आणि मधे एक अष्टकोन मोकळा सोडतात. त्या अष्टकोनावर छोटा घुमट बसवलेला आहे. युरोपातली गॉथिक कॅथेड्रल्स दगडी पट्ट्यांवर छत तोलण्यासाठी प्रसिद्ध आहेत. कॉर्डोबातले हे घुमट त्यांच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीचे आहेत.

तिसरी वाढ मात्र घाईची होती. अल-हकमनंतर गादीवर आला त्याचा लहान मुलगा, आणि खरी सत्ता गेली वजीर अल-मन्सूरच्या हातात. हा माणूस लढवय्या. ९९७ मध्ये त्याने स्पेनच्या वायव्य टोकावरचं ख्रिश्चनांचं मोठं तीर्थक्षेत्र सांतियागो दे कॉम्पोस्तेला लुटलं. तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिश्चन कैद्यांच्या खांद्यावरून कॉर्डोबाला आणल्या आणि मशिदीत दिव्यांसाठी वापरल्या, असं इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. या घंटा पुन्हा येणार आहेत.

९८७-८८ च्या सुमारास त्याने मशीद पूर्वेकडे वाढवली. दक्षिणेला आता नदी होती, पश्चिमेला राजवाडा, म्हणून पूर्वच उरली होती. आठ नव्या मार्गिका एका बाजूला जोडल्या गेल्या आणि सभागृह १९ मार्गिकांचं झालं. परिणामी मिहराब भिंतीच्या मध्यावर राहिला नाही. या भागातल्या कमानी नीट पाहिल्या तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. इथे विटा नाहीत. सगळा दगड आहे आणि लाल पट्टे नुसते रंगवलेले आहेत. एकूण सुमारे १३०० खांबांपैकी आज ८५६ उभे आहेत.

२९ जून १२३६

अकराव्या शतकात खिलाफत कोसळली, अल-अंदलुसचे तुकडे झाले आणि उत्तरेतली ख्रिश्चन राज्यं खाली सरकू लागली. काही महिन्यांच्या वेढ्यानंतर २९ जून १२३६ रोजी कॅस्टिलचा राजा फर्नांदो तिसरा याच्या हाती कॉर्डोबा पडलं. मशीद त्याच सुमारास विधिपूर्वक शुद्ध करून सांता मारियाच्या नावाने कॅथेड्रल म्हणून अर्पण केली गेली. आणि हो, त्या घंटा. फर्नांदोने त्या परत पाठवल्या. या वेळी मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून.

मात्र इमारत पाडली नाही. हे आज जितकं साहजिक वाटतं तितकं तेव्हा नव्हतं. तोलेदो शहरात मशिदीचंच कॅथेड्रल केलं होतं, पण पुढे ती पाडून तेराव्या शतकात नवं गॉथिक कॅथेड्रल उभारलं गेलं. सेव्हिलमध्येही तेच. तिथली मशीद पंधराव्या शतकात जमीनदोस्त झाली, जगातलं एक सर्वांत मोठं गॉथिक चर्च तिच्या जागी आलं, आणि मागे राहिला फक्त हिराल्दा नावाचा मिनार आणि अंगण. कॉर्डोबात मात्र सुरुवातीच्या काळात कडेच्या कमानींत छोटी चॅपल्स झाली, अल-हकमच्या एका घुमटाखाली मुख्य वेदी मांडली गेली, आणि कमानींचं जंगल बरंचसं तसंच राहिलं.

इतकंच काय, ते जपण्याची व्यवस्थाही झाली. राजा अल्फोन्सो दहावा याने तेराव्या शतकात फर्मान काढून शहरातल्या मुसलमान कारागिरांना वर्षातले काही दिवस या इमारतीच्या दुरुस्तीसाठी काम करायला लावलं. यात सक्ती होती हे खरं. पण हे काम कुणाला जमतं हे राजाला ठाऊक होतं, हेही खरं. चौदाव्या शतकात तर ख्रिश्चन राजांच्या दफनासाठी इथे राजेशाही चॅपल बांधलं गेलं. १३७१ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चॅपलच्या भिंती पाहिल्या तर गिलाव्यातली जाळीदार नक्षी, झालरी असलेल्या कमानी, रंगीत फरश्या दिसतात. हे सगळं ग्रानादाच्या मुस्लिम राजवाड्यात शोभावं असं आहे. जिंकलेल्यांनी हरलेल्यांची शैली स्वतःच्या राजांच्या समाधीसाठी निवडली होती.

गावाने बिशपला अडवलं

खरी तोडफोड झाली १५२३ मध्ये. बिशप अलोन्सो मान्रिके याला कमानींमध्ये अंग चोरून बसलेलं कॅथेड्रल नको होतं. त्याला उंच, उजेडाचं, क्रूसाच्या आकाराचं चर्च हवं होतं, तेही मशिदीच्या मधोमध. कॉर्डोबाच्या नगर परिषदेने विरोध केला. हे इतकं परिपूर्ण काम एकदा मोडलं तर पुन्हा कुणालाही करता येणार नाही, असं परिषदेचं म्हणणं होतं. नुसतं म्हणून परिषद थांबली नाही. कोर्टकचेरीचा निकाल येईपर्यंत या कामाला हात लावणाऱ्या गवंडी-सुतारांना देहदंड दिला जाईल, अशी दवंडी पिटली गेली. चर्चने उलट अधिकाऱ्यांना धर्मबहिष्कृत केलं.

इथे थोडं थांबायला हवं. हे भांडण मुसलमान आणि ख्रिश्चन यांच्यातलं नव्हतं. कॉर्डोबात तेव्हा उघडपणे मुसलमान म्हणून राहायलाही परवानगी नव्हती. कॅथलिक लोकांची नगर परिषद कॅथलिक बिशपविरुद्ध एका जुन्या मशिदीसाठी उभी राहिली होती. जुनी वास्तू जपण्यासाठी गावाने दिलेल्या लढ्याचं इतकं जुनं उदाहरण युरोपात क्वचितच सापडेल.

प्रकरण राजा कार्लोस पाचवा याच्याकडे गेलं. त्याने निकाल बिशपच्या बाजूने दिला. पुढे १५२६ मध्ये तो स्वतः कॉर्डोबाला आला, काम पाहिलं आणि हळहळला, अशी कथा आहे. जे कुठेही बांधता आलं असतं ते बांधलंत आणि जगात दुसरीकडे नव्हतं ते घालवलंत, अशा आशयाचे उद्गार त्याच्या तोंडी घातले जातात. प्रत्येक गाइड ते सांगतो. तो खरंच असं बोलला याचा भक्कम पुरावा नाही. त्यानंतर लगेचच याच राजाने ग्रानादात अल्हाम्बरा राजवाड्याच्या आवारात स्वतःसाठी एक दणदणीत महाल बांधायला काढला, हे मात्र पक्कं आहे.

चर्च पूर्ण व्हायला १६०७ उजाडलं. ८४ वर्षांत फॅशन बदलत गेली, त्यामुळे खाली गॉथिक, वर रेनेसाँ अशी सरमिसळ झाली. एर्नान रुईस नावाच्या वास्तुविशारदाने काम सुरू केलं, मग त्याच नावाच्या त्याच्या मुलाने पुढे नेलं. अठराव्या शतकात शिल्पकार पेद्रो दुके कोर्नेखो याने धर्मगुरूंसाठी महॉगनी लाकडात कोरलेली आसनं हा वेगळाच नमुना आहे. त्यासाठी लाकूड आलं अटलांटिकपलीकडच्या स्पॅनिश वसाहतींतून.

एर्नान रुईस थोरल्याला शिव्या घालणं सोपं आहे. शेकडो वर्षं अनेक प्रवाशांनी ते केलंही. पण त्याने केलेलं काम नीट पाहिलं तर चित्र इतकं सरळ उरत नाही. त्याने चर्च जिथे उभं केलं ती जागा मुख्यतः अब्दुर रहमान दुसरा आणि अल-मन्सूर यांनी वाढवलेल्या भागात येते. सर्वांत जुनं सभागृह आणि अल-हकमचा मिहराब त्यातून वाचले. चर्चच्या दोन्ही अंगांना मशिदीच्या कमानी त्याने काही ठिकाणी तशाच ठेवून भिंतीत सामावून घेतल्या. आणि आज बरेच अभ्यासक असं मानतात की मधोमध जिवंत कॅथेड्रल होतं म्हणूनच भोवतालची मशीद टिकली. रिकाम्या राहिलेल्या वास्तूचं काय होतं, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. शहरापासून काही किलोमीटरवर अब्दुर रहमान तिसरा याने वसवलेली मदिना अल-झहरा ही राजनगरी आहे. तिथले दगड शतकानुशतकं लोक उचलून नेत राहिले, आज ते एक भग्न उत्खननस्थळ आहे.

मिनाराच्या पोटात मिनार

अंगणात उभं राहिलं की ५४ मीटर उंचीचा घंटा-मनोरा दिसतो. १५८९ मध्ये वादळाने जुन्या मिनाराचं नुकसान झालं. त्यावर बांधलेला घंटांचा भार पेलेना, तेव्हा रुईस घराण्यातल्या तिसऱ्या एर्नानने १५९३ पासून त्याला बाहेरून नवं आवरण चढवायला घेतलं. वरचा भाग काढला गेला, पण दहाव्या शतकातल्या मिनाराचा बराच भाग आतमध्ये शाबूत आहे. मूळ मिनार कसा दिसत होता हे कळतं ते पूर्वेकडच्या सांता कातालिना दरवाजावरच्या दगडी कोरीव चित्रावरून.

अंगणाचं नाव ‘पातियो दे लोस नारान्होस’, म्हणजे संत्र्यांचं अंगण. नारान्हा हा शब्द ओळखीचा वाटला तर नवल नाही. संस्कृत ‘नारंग’ फारसीतून अरबीत आणि अरबीतून स्पॅनिशमध्ये गेला. आपलं ‘नारिंगी’ त्याच घरातलं.

याच अंगणाशी आजचा एक वाद जोडलेला आहे. पूर्वी प्रार्थनागृहाची अंगणाकडची बाजू उघडी होती. झाडांच्या रांगा आत खांबांच्या रांगांना जाऊन मिळत आणि उजेड थेट आत येई. कॅथेड्रल झाल्यावर चॅपल्ससाठी कमानी बुजवल्या गेल्या. आज पर्यटक ज्या गूढ अंधाराचे फोटो काढतात, तो बराचसा ख्रिश्चन काळातला आहे! १९७० च्या दशकात वास्तुविशारद राफाएल दे ला-ओस याने त्यातल्या काही कमानींत लाकडी जाळ्या बसवल्या. २०१७ मध्ये पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकांना आत यायला दुसरं दार हवं म्हणून त्यातली एक जाळी काढली गेली. वास्तुविशारदाचे वारस न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्या कामाची परवानगी रद्द केली.

मालक कोण?

आता पुन्हा त्या ३० युरोंकडे. स्पेनमध्ये १९४६ च्या एका कायद्यानुसार चर्चला बिशपच्या प्रमाणपत्राच्या आधारावर मालमत्तेची नोंद करता येत असे. प्रार्थनास्थळांना त्यातून वगळलेलं होतं. १९९८ मध्ये ही अट काढली गेली आणि चर्चने धडाक्याने नोंदी केल्या. २०१५ मध्ये ही सवलत बंद झाली. तोवर देशभरात सुमारे ३५ हजार मालमत्तांची नोंद झाली होती. कॉर्डोबाची वास्तू त्यातली सर्वांत गाजलेली.

चर्चचा युक्तिवाद असा: राजा फर्नांदोने ही वास्तू १२३६ मध्ये आम्हाला दिली, तेव्हापासून अखंड ताबा आमचा आहे, देखभाल आम्ही करतो, नोंदणी ही फक्त औपचारिकता होती. विरोधकांचं म्हणणं: राजाने वापरायला दिली म्हणजे मालकी दिली असं होत नाही, आणि जगाचा वारसा एका प्रमाणपत्रावर कुणाच्या नावावर होऊ शकत नाही. स्थानिक नागरिकांच्या मंचाने चालवलेल्या याचिकेवर लाखो सह्या झाल्या. २०१८ मध्ये नगरपालिकेने नेमलेल्या तज्ज्ञांनीही चर्चच्या मालकीवर प्रश्न उपस्थित केला. तरी नोंद कायम आहे. दरवर्षी सुमारे २० लाख लोक तिकीट काढून आत जातात, तेव्हा प्रश्न फक्त भावनेचा नाही हेही उघड आहे.

पैशांइतकंच नावही महत्त्वाचं ठरलं. २०१० मध्ये तिथल्या बिशपने मशीद हा शब्द फलकांवरून काढून टाकावा, अशी भूमिका मांडली. तिकिटांवर, माहितीपत्रकांवर मशिदीचा उल्लेख आक्रसत गेल्याची तक्रार लोक करू लागले. २०१४ मध्ये गूगल मॅप्सवर नुसतं ‘कॅथेड्रल’ दिसू लागलं तेव्हा ओरड झाली आणि जुनं नाव परत आलं. आता अधिकृतपणेही दोन्ही शब्द जोडून लिहिले जातात. मधल्या जोडचिन्हासाठी इतका आटापिटा क्वचितच कुठे झाला असेल.

स्पेनमधल्या मुस्लिम संघटनांनी मालकी मागितलेली नाही. त्यांची मागणी होती इथे नमाज पढू द्यावी, दोन्ही धर्मांसाठी जागा खुली असावी. त्यासाठी त्यांनी पोपनाही लिहिलं. चर्चने नकार दिला. २०१० मध्ये ऑस्ट्रियातून आलेल्या काही मुस्लिम पर्यटकांनी आत नमाज सुरू केली तेव्हा सुरक्षारक्षकांशी झटापट झाली आणि दोघांना अटक झाली. याआधी, १९३३ मध्ये, कवी मुहम्मद इक्बाल इथे आले होते आणि त्यांनी इथे नमाज पढली होती. त्यांची ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही कविता उर्दू वाचणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. कॉर्डोबा हे नाव भारतीय उपखंडात घरोघरी पोहोचलं त्यात तिचा वाटा मोठा आहे.

मिहराबवरचं सोनेरी मोझेक आज दिसतं यामागेही अशीच एक वळणाची गोष्ट आहे. तो भाग बराच काळ एका चॅपलच्या वेदीमागे झाकलेला होता. १८१६ मध्ये वेदी हलवली गेली, मोझेक उघडं पडलं आणि पात्रिसिओ फुरिएल या कारागिराने त्याचे निखळलेले भाग दुरुस्त केले. त्याला ते काम दिलं होतं चर्चनेच.

८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री या वास्तूतून धूर निघतानाचे व्हिडिओ जगभर पसरले. अल-मन्सूरने वाढवलेल्या भागातल्या एका चॅपलमध्ये सामान ठेवलं जात होतं आणि तिथल्या झाडू मारण्याच्या यंत्राने पेट घेतला होता. अग्निशमन दलाने काही तासांत आग आवरली. एका चॅपलचं छत कोसळलं, शेजारच्या चॅपल्सना धूर आणि पाण्याचा फटका बसला, मिहराबला धक्का लागला नाही. दुसऱ्या दिवशी, जळालेला कोपरा बंद ठेवून, तिकीट खिडकी नेहमीप्रमाणे उघडली.